बळीरामच्या मापाची वल्ही

माझं दुकान वसईच्या बाजारात, खेळाच्या सामानाचं. बॅटी, कॅरम, कॅनव्हासचे बूट, पावसाळ्यात गमबूट. माझा स्वभाव दुकानदाराला शोभणारा नाही असं माझी बायको वसुंधरा लग्न झाल्यापासून सांगत आली आहे, आणि ते खरं आहे. मापाच्या बाबतीत तर माझं डोकं लगेच फिरतं. गिऱ्हाईक बूट घ्यायला येतं आणि पाय घरी ठेवून येतं, याला काय म्हणावं?

खाडीकाठच्या वाड्यांवर तशी रीतच होती. घरातला एकजण बाजाराला येणार आणि सगळ्यांचं सगळं घेऊन जाणार. ज्याला बूट हवेत त्याचं पाऊल जमिनीवर टेकवायचं, माडाच्या झावळीतली काडी टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरायची, तिथे मोडायची आणि खिशात टाकायची. ती काडी माझ्या काउंटरवर यायची. मी करवादायचो, "अरे, या काडीला रुंदी आहे का? घोटा आहे का?" माणसं ऐकून घ्यायची, काडी बुटात सरकवायची, टोकाला टेकली की "झाला" म्हणायची. तो बूट बदलायला कोणी कधी परत आलं नाही, हेही सांगून टाकतो.

नथू त्यातलाच. नायगावच्या खाडीला लागून त्याची वाडी आणि खारी जमीन. उंच, आडव्या अंगाचा गडी, बोलणं कमी. दर वर्षी शाळा उघडायच्या सुमाराला तो कल्पेशची, म्हणजे त्याच्या मुलाची, काडी घेऊन यायचा. त्याच्यामागे पिशवी धरून एक पोरगा उभा असायचा. एकदा मी त्या पोराच्या हातावर बरणीतली पेपरमिंटची गोळी ठेवली. त्याने ती तोंडात टाकली, नीट चघळली आणि मग म्हणाला, "शेठ, मना दाढी हाय."

खरंच होती. गालावर खुंट होते. तो नथूचा धाकटा भाऊ बळीराम, तिशीला आलेला. उंची माझ्या काउंटरच्या थोडी वर. आईबापांनी नाव ठेवलं तेव्हा त्यांना काय कल्पना. मी ओशाळलो, आणि ओशाळलो की मी जास्तच चिडतो, म्हणून त्याला म्हणालो, "मग सांगायचं नाही का आधी?" तर म्हणतो, "गोळी गेली असती ना."

असा होता बळीराम. त्याच्या अंगावरचे कपडे मात्र बघवायचे नाहीत. लहानपणापासून नथूचं जुनं कापून त्याला दिलं जायचं. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, पँटचा घेर नाडीने आवळलेला. पुढे कल्पेश वाढायला लागला, काकाच्या वर गेला, आणि मग त्याचे आखूड झालेले कपडे काकाला यायला लागले. वरून उतरलेलं संपलं आणि खालून चढलेलं सुरू झालं. पुतण्याच्या शाळेच्या खाकी चड्डीत मी त्याला बाजारात पाहिला आहे. बूटही कल्पेशचेच, शाळेचे, काळे. त्याच्यासाठी म्हणून या दुकानात कधी काडी आली नाही.

यात नथूला दुष्ट ठरवायचं असेल तर ते मी करू देणार नाही. शाळेचे बूट सोडले तर त्या घरात सगळंच एकेक होतं. एक गमबूट, एक रेनकोट, एक सायकल. जो बाहेर पडेल त्याने घालायचं. आणि एक वस्तू घ्यायची तर ती सगळ्यांत मोठ्याच्या मापाची घ्यायची, म्हणजे कोणीही अडून राहत नाही, हा त्यांचा हिशेब. लहानाला सैल झालं तर चालतं, मोठ्याला घट्ट झालं तर फाटतं. ऐकायला शहाणपणाचंच वाटतं.

पण त्याच बळीरामवाचून वाडीचं पान हलत नसे. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध, आणि शेतातलं पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर जावं म्हणून बांधाच्या पोटात लाकडी झडपेचं भोक. तिला उघाडी म्हणतात. झडपेत ओंडका किंवा गवत अडकलं की ती मिटत नाही, आणि एका भरतीत भाताचं वाटोळं होतं. मग पाण्याखालून त्या भोकात शिरून अडकलेलं काढायला हवं. थोराड माणूस शिरतच नाही. बळीराम शिरायचा. अगदी पोरवयापासून. तो आत असेपर्यंत सगळी वाडी बांधावर श्वास धरून उभी, आणि त्याच्या कमरेला बांधलेली दोरी नथूच्या हातात. ती दोरी नथूने दुसऱ्या कोणाला कधी धरू दिली नाही. ओंडका निघाला की लोक बळीरामला खांद्यावर घ्यायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा "ए बारक्या".

मग जमिनी विकल्या गेल्या. बांध फुटले ते कोणी बांधले नाहीत, भराव पडला, त्यावर इमारती आल्या. माझा धंदा वाढला तो त्याच इमारतींमुळे, तेव्हा मी काय बोलणार. तुळिंजपासून माणसं कॅरम न्यायला यायला लागली. नथूच्या घरी मात्र शेत राहिलं नाही आणि उघाडीही राहिली नाही. तेव्हा खाडीत एका जुन्या धक्क्याच्या दुरुस्तीचं काम निघालं. ठेकेदाराला पाण्याखाली खांबांच्या मधल्या फटींत शिरणारा माणूस हवा होता. कोणीतरी बळीरामचं नाव सांगितलं. पाठीवर हवेची नळकांडी बांधून श्वास कसा घ्यायचा ते त्याने पटकन उचललं. दोरी धरायला नथू होडीत. दोन्ही भाऊ कामाला लागले.

अडचण पायांची होती. पाणबुडे पायांत रबरी पंखे घालतात, इंग्रजीत फिन्स म्हणतात. हे दोघे त्यांना पायातली वल्ही म्हणत. ठेकेदाराकडे होती ती सगळी मोठ्या पायांची. बळीरामच्या पायांतून ती निसटायची. ठेकेदार म्हणाला, तुझी तू आण.

म्हणून दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात बळीराम पहिल्यांदा एकटा माझ्या दुकानात आला. पिशवी नाही, भाऊ नाही. स्टुलावर बसला आणि उजवा पाय काउंटरखालून पुढे करून म्हणाला, "शेठ, पाय आनलाय."

मला इतका आनंद झाला की मी स्वतः खाली बसून त्याचं पाऊल मापलं. शाळकरी पोराचं पाऊल, पण पंजा रुंद, बोटं फाकलेली, पोटरी टणक. मुंबईत जहाजांचं सामान विकणारा एक व्यापारी माझ्या ओळखीचा होता, परेश नावाचा. त्याला फोन लावला. त्याने मला चार गोष्टी समजावल्या. मुलांची रंगीत फिन्स घेऊ नका, ती तरणतलावात डुंबायला ठीक, खाडीच्या ओढीत केळीच्या पानासारखी दुमडतात. पाऊल लहान पण पायांत जोर असेल तर पाय घालायचा बूट लहान आणि त्याच्या पुढचं पातं आखूड, पण कडक, अशी जोडी बघा. लांब पातं आखूड पायाला ओढत बसतं, मांड्या भरून येतात. आणि मुख्य म्हणजे पंजा बुटात हलता कामा नये. हलला की प्रत्येक लाथेला जोर वाया जातो, पोटरीत गोळा येतो, आणि एखाद्या वेळी वल्हं पायात राहतच नाही.

त्याने दोन जोड्या पाठवल्या. एक छोटी, बुटासारखी टाच झाकणारी, आखूड पात्याची, काळी. दुसरी निवडीला म्हणून धाडलेली, मोठी, टाच उघडी आणि मागे ओढून बसवायचा पट्टा, लांब पात्याची.

बळीरामने छोटी जोडी घातली. पाय आत गेला आणि थांबला. पुढे जागा नाही, मागे जागा नाही. त्याने बोटं हलवून पाहिली. मग उठून दुकानात फट् फट् चालला, बॅटींच्या रांगेपर्यंत आणि परत. वसुंधरा हसायला लागली, तोही हसला. मग स्टुलावर बसून पायांकडे बघत राहिला. गिऱ्हाईकं आली, गेली. मी म्हटलं, "काढ आता, उद्या घेऊन जा नथूला आणून." तो म्हणाला, "जरा ऱ्हाऊ द्या, शेठ. असं कसं बसतं त्ये बगतोय."

दुसऱ्या दिवशी नथू आला. त्याने छोटी जोडी हातात धरली, तिच्या बुटात आपली चार बोटं घातली आणि बाजूला ठेवली. मोठी उचलली.

"ही बरी हाय."

"ही तुझ्या पायाची आहे," मी म्हणालो. "पाण्यात तू जातोस का?"

"उद्या गेलो तर? कल्पेश पन शिकंल. मंग त्याला नवी जोड आनायची?"

"अरे, पण आज बळीराम जातोय ना. त्याचा पाय बघ."

"पट्टा हाय की. वढला की कोनालाबी बसंल."

मी परेशने सांगितलेलं सगळं सांगितलं. पट्टा टाच धरतो, पंजा धरत नाही. आत पाऊल डचमळणार. नथूने पातं वाकवून पाहिलं. "आनि ह्याचं पातं आखूड हाय. वढीला काय पुरनार हे?"

"आखूड पायाला आखूडच लागतं. बूट घट्ट बसला की पुरतं," मी जवळजवळ ओरडलोच. "तुम्ही माणसं आहात की काय आहात! जो बुडी मारतो त्याच्या पायाचं काही नाही?"

नथू रागावला नाही. त्याला माझा राग कळलाच नाही असं मला आजही वाटतं. त्याने बळीरामकडे पाहिलं. बळीराम माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादूस बोलतो त्ये बराबर हाय, शेठ. घरान एक जोड आसली का बरी." आणि मोठी जोडी पिशवीत गेली. त्या दिवशी मला त्या दोघांची इतकी चीड आली की मी जेवताना वसुंधरेला वाकडं बोललो.

छोटी जोडी परेश परत घेईना. असल्या मापाला गिऱ्हाईक नाही म्हणाला. मी ती फळीच्या खिळ्याला टांगून ठेवली.

त्यानंतर बळीराम मधूनमधून यायचा. घ्यायचं काही नसायचं. स्टुलावर बसून पोटरी चोळायचा. गोळे येत होते. बुटात जुन्या स्लिपरचे तुकडे कापून चिकटवले होते, दोन्ही बाजूंनी, पंजा हलू नये म्हणून. काही दिवस बरं चालायचं, मग डिंक सुटायचा, पुन्हा चिकटवायचे. कपड्यांच्या बाह्या दुमडायची सवय होती त्याला, तसंच हे. एकदा त्याने खिळ्याकडे बघून विचारलं, "विकली नाय का अजून?"

"कोण घेणार? तुझ्यासारखा पाय आहे कोणाचा वसईत? घेऊन जा तू ती. काही देऊ नकोस."

त्याचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्याने मान हलवली. "नको, शेठ. दादूसला वाटंल, त्याचं आनलेलं मना चाललं नाय."

"तुला पायात गोळे आले तरी चालतील, त्याला वाईट वाटता कामा नये?"

"दोरी त्योच धरतो ना," बळीराम म्हणाला.

 त्याच्या जिवाची दोरी ज्याच्या हातात, त्याचं मन त्याला मोडायचं नव्हतं. मला ते तेव्हा मूर्खपणाचं वाटलं. आजही वाटतं. पण त्यात हसण्यासारखं काही नाही.

पुढच्या हिवाळ्यात ते झालं. ठेकेदाराच्या तराफ्याची साखळी धक्क्याच्या खांबांत खाली गाळात अडकली होती. भरती पुरी झाली की खाडीचं पाणी थोडा वेळ उभं राहतं, तेवढ्यात खालचं काम उरकून वर यायचं असतं. साखळीची कडी गंजली होती, सुटता सुटेना. बळीराम एकदा वर आला, म्हणाला, होतच आलंय, आणि पुन्हा खाली गेला. कडी सुटली. तराफा हलला, तेव्हा होडीतल्यांनी आनंदाने आवाजही दिला. पण तोवर ओहोटी लागली होती.

ओढीविरुद्ध लाथा मारत तो होडीकडे येत असणार. उजव्या पायातलं वल्हं निघालं. एकाच पायात वल्हं असलं की माणूस सरळ जात नाही, गोल फिरतो. ओढीने त्याला खांबांत नेलं, आणि कमरेची दोरी खांबाला वेढली. वर नथूला दोरी ताठ लागली. त्याने ओढली. इतकी वर्षं उघाडीतून त्याला तसंच बाहेर काढलं होतं. दोरी हलेना, तसा त्याने अंगातला सगळा जोर लावला. नथूच्या अंगात जोर पुष्कळ. जितका तो ओढत होता तितका बळीराम खाली खांबाला आवळला जात होता.

तेवढ्यात होडीपुढे, खांबांच्या बाजूला, त्याच्या पायातलं वल्हं वर आलं. एरवी ते गाळात गेलं असतं. आतल्या स्लिपरच्या तुकड्यांनी ते तरंगवलं. ते पाहिलं आणि नथूने दोरी सोडून पाण्यात उडी टाकली. पण ओढ आता भर जोरात होती, आणि नथूला खाली जाता येत नव्हतं. खाली जायचं काम त्याने कधी केलंच नव्हतं. ओहोटी पुरी झाल्यावर मच्छीमारांनी बळीरामला खांबापासून सोडवून वर आणलं, तोवर त्याच्या पाठीवरची हवा केव्हाच संपली होती.

हे सगळं मला बाजारात कळलं, एकाकडून अर्धं, दुसऱ्याकडून अर्धं. मी दुकान बंद करून घरी गेलो. त्यांच्या वाडीवर गेलो नाही. गेलो असतो तर नथूला काय बोललो असतो सांगता येत नाही, आणि ज्या घरात प्रेत पडलंय तिथे भांडायला जाऊ नये एवढी अक्कल मला आहे. वसुंधरा जाऊन आली. तिने सांगितलं, नथूने हाताच्या तळव्यांना फडकी बांधली आहेत, दोरीने सोलून निघालेत. मला त्याची दया आली नाही. नाही आली म्हणजे नाही आली.

काही दिवसांनी, दुपारची वेळ, मी हिशेबाला बसलो होतो. नथू पायरीवर उभा. डोकं भादरलेलं, त्यामुळे चेहरा अनोळखी वाटत होता. तळव्यांना फडकी तशीच. मी या म्हणालो नाही. तो आत आला.

"शेठ, ती बारकी जोड हाय का?"

ती त्याच्या डोक्यावरच टांगलेली होती. मनात साठवून ठेवलेलं सगळं माझ्या तोंडापर्यंत आलं. नथूने खिशात हात घालून काउंटरवर एक काडी ठेवली. माडाच्या झावळीची, एका टोकाला मोडलेली. आखूड.

मला वाटलं, चुकून कल्पेशची जुनी काडी काढली.

"कल्पेशची का ही?"

"बळीची."

"बळीरामची?" मला उमगेना. "हे माप घेतलंस कधी?"

"त्याला घरातनं उचलायच्या आदी."

वसुंधरा आतून बाहेर आली होती ती तिथेच थांबली. मी खिळ्यावरून जोडी काढली आणि धूळ पुसली. नथूने काडी उजव्या बुटात सरकवली, मग डाव्या. दोन्हींत ती टोकाला टेकली. तो ती पुन्हा पुन्हा घालून बघत होता.

"नथू, आता ही काय करायची?"

"उद्या बारावं हाय," तो म्हणाला. "छत्री देतात, वहाना देतात. वाट तापलेली आसते ना वर. त्या घेतल्या. पन मधी वैतरनी हाय. लोकांना गाईची शेपटी धरून जाता येतं, बळी काय शेपटी धरनारा हाय? त्यो पोवत जाईल."

मला त्याच्याशी भांडायचं होतं. पण मी दुकानदारासारखंच बोललो. "भटजी घेतील का हे? आणि घेतलं तरी त्यांच्या पायाला बसणार नाही. दान घेणाऱ्याच्या मापाचं द्यायचं असतं, नथू."

नथूने काडी बुटातून काढली. "त्याला जल्मभर दुसऱ्याच्या मापाचंच दिलं, शेठ," तो म्हणाला. "भट नाय बोलला तं खाडीत सोडीन."

वसुंधरेने जोडी कागदात बांधली. वर सुतळीची गाठ मारली. नथू पुडकं घेऊन पायरीपर्यंत गेला आणि परत फिरला. चेहऱ्यावर रडू नव्हतं. भाऊ पाण्यात उतरायच्या आधी होडीतून पाणी न्याहाळत असेल, तसा तो बघत होता.

"शेठ, वैतरनीला वढ किती आसंल?"

मी बॅटी आणि कॅरम विकणारा माणूस. मी काय सांगणार?

"नाय, ह्याचं पातं आखूड हाय म्हनून," तो म्हणाला. "पुरंल का?"

माझा त्याच्यावरचा राग तेव्हाही गेला नव्हता, आणि पूर्ण गेला असं मी आजही म्हणणार नाही. पण तो उत्तराची वाट बघत उभा होता.

"पुरेल," मी म्हणालो. "बूट घट्ट बसला की पुरतं."

त्याने मान हलवली. काडी काउंटरवरच राहिली होती, ती उचलून त्याने खिशात घातली आणि तो पायऱ्या उतरून गेला.